लाईट नाही, मशीन नाही, आणि बाहेर जुलैचा पाऊस

आमच्या घरापासून सगळ्यात जवळचा विजेचा खांब डोंगराच्या पलीकडे आहे. लाईन ओढायची तर मधे सात-आठ खांब, आणि वाट दोघा-तिघांच्या काजूच्या बागेतून, म्हणून तो नाद सोडला आणि सोलर लावलं. ५०० वॅटची पॅनेल, १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर. त्यावर दिवे, दोन पंखे, फोन, लॅपटॉप आणि दुपारच्या उन्हात मिक्सर एवढं आरामात निघतं. भेटायला येणारे फ्रीजचं विचारतात, टीव्हीचं विचारतात, कपड्यांचं कुणीच विचारत नाही, आणि खरं सांगू का, लाईट नसल्याचं सगळ्यात जास्त जाणवतं ते कपड्यांच्या बाबतीतच.

जागा लांजा तालुक्यात, सासऱ्यांची आंबा-काजूची बाग, त्यात चिऱ्याचं घर. मी मूळचा बार्शीचा. धुणं माझ्याकडे आलं कारण बायकोला डिटर्जंट सोसत नाही, बोटांना खाज सुटते आणि कातडी सोलवटते, डॉक्टरांनी सरळ सांगितलं हात लावायचा नाही. हातमोजे घालून बघितले पण त्यात घाम येऊन अजून वाईट. तेव्हापासून ती केळी-अळूचं बघते आणि मी धुण्याचं. सुरुवातीला वाटेने जाणारी एक काकी थांबून म्हणाली, काय जावईबापू, तुम्ही धुताय, आणि ती कुठे गेली, माहेरी? म्हटलं काकी, माहेर हेच की तिचं. काकी हसली पण पटलं नाही तिला, अजूनही जाताना दगडाकडे एकदा बघून जातेच.

आता मशीनचं गणित आधी सांगून टाकतो, म्हणजे सेमी ऑटोमॅटिक का नाही घेत हा प्रश्न मिटेल. सेमीची मोटर साडेतीनशे-चारशे वॅटची, सुरू होताना त्याच्या दोन-तीन पट झटका मारते, आमचा इन्व्हर्टर तिथेच माना टाकेल. मोठा इन्व्हर्टर घेतला तरी जुलैत पॅनेल चौथ्या हिश्श्यावर येतं, तेव्हा दिवे लावायचे की कपडे धुवायचे? पण हे सगळं बाजूला ठेवा, खरी गोची पाण्याची आहे. सेमीला एका लोडला धुवून खळबळून शंभर लिटर तरी सहज लागतं. आमच्या विहिरीवर पंप नाही, रहाट आहे, पोहऱ्यात येतं आठ-नऊ लिटर. म्हणजे मशीनसाठी बारा पोहरे मीच ओढायचे, बादल्या मीच वाहायच्या, आणि मशीन काय करणार तर घासणार. घासणं हे धुण्यातलं सगळ्यात सोपं काम आहे हो! दम निघतो तो पाणी आणण्यात, आणि नंतर तेच पाणी कपड्यातून बाहेर काढण्यात. हे एकदा डोक्यात शिरलं की सगळी पद्धतच बदलते.

म्हणजे मी काय करतो, तर आदल्या रात्री कपडे भिजत घालतो. कोमट पाणी, बंबात अंघोळीनंतर उरलेलं असतं तेच, त्यात थोडी पावडर आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. पाणी कपडे जेमतेम बुडतील एवढंच. सकाळपर्यंत अर्धं काम आपोआप झालेलं असतं. मग मोरी तुंबली की वापरतात ना ती रबरी वाटीची काठी, तशी एक नवी कोरी आणून तिला चार भोकं पाडलीत, तिने टबात खालीवर दाबायचं. पाणी कपड्यातून आरपार जातं आणि मळ सुटतो, कंबरेत वाकावं लागत नाही. परदेशी साईटवर याच तत्त्वावरच्या फॅन्सी वस्तू मिळतात. इंग्लंडमधल्या नवज्योत साहनी नावाच्या इंजिनियरने तर तमिळनाडूत राहत असताना शेजारणीची धुण्याची मेहनत बघून हाताने फिरवायचं मशीन बनवलं, तिचंच नाव दिलं त्याला, दिव्या, आणि आता ती मशीनं निर्वासितांच्या छावण्यांमध्ये वगैरे देतात. भारी आहे ते. पण आम्हा दोघांच्या कपड्यांना काठी पुरते. कॉलर, बाह्यांची टोकं आणि पायजम्याच्या कडा तेवढ्या दगडावर ठेवून ब्रशने घासायच्या, बाकी आपटाआपटी काही करायची नाही. आपटल्याने बटणं फुटतात आणि शेजारच्यांना कळतं की तुम्ही कपडे धुताय, याच्यापलीकडे फायदा मला तरी दिसला नाही.

क्रम मात्र पक्का. पांढरे आणि पंचे आधी, मग रंगीत, मग बागेतले कामाचे कपडे, शेवटी पायपुसणी आणि चुलीजवळची फडकी. साबणाचं पाणी एकच, ते शेवटपर्यंत वापरायचं. खळबळायला दोन बादल्या, पहिलीतलं पाणी गढूळ झालं की ते कामाच्या कपड्यांकडे जातं, दुसरी बादली पहिलीच्या जागी येते आणि नवीन पाणी फक्त दुसरीत. दोघांचे तीन-चार दिवसांचे कपडे साधारण पन्नास लिटरमध्ये निघतात असं. ओतायचं ते सगळं केळीच्या आळ्यात, तेही दर वेळी वेगळ्या, कारण पावडरीतलं सोडियम एकाच जागी साठत गेलं की माती बिघडते. सोड्याचं जरा जास्त झालेलं पाणी असेल तर ते पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, झाडांना नाही.

साबणाचं प्रमाण हा बार्शीच्या माणसासाठी मोठाच विषय. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, काळ्या पाषाणातून येतं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम एवढं की साबण फेस धरायच्या आधी पांढरी साय धरतो, आई वडी अर्धी झिजवायची तेव्हा कुठे फेस. इथे जांभ्यातलं पाणी इतकं हलकं की बार्शीच्या हाताने पावडर टाकली तर फेस जाता जात नाही, चार पाण्यातून काढलं तरी बोटांना बुळबुळ लागतेच. पाकिटावर लिहिलेलं असतं त्याच्या तिसरा हिस्सा टाकला की इथे पुरतं. आणि फेस कमी म्हणजे खळबळायला पाणी कमी, म्हणजे पोहरे कमी. पावसाळ्यात तर पागोळ्यांखाली पिंप लावलं की विहिरीवर जायलाच नको, फक्त पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्यायच्या, कौलांवरचा वर्षभराचा पाचोळा आणि धूळ त्यात असते.

रिठ्याबद्दल लोक फार उत्साहाने विचारतात. वापरतो आम्ही, बायकोचे कपडे आणि तिच्या रेशमी साड्या त्यातच, तिच्या हातांना तो चालतो. आठ-दहा रिठे, बी काढून रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे आणि गाळून घ्यायचे, तपकिरी पाणी निघतं, फेसही छान येतो. पण कौतुक जपून करा. तेलकट डाग त्याने हलत नाहीत, पांढरे कपडे हळूहळू पिवळट पडतात, आणि काढा दोन दिवसांत आंबतो. डोळ्यात गेला तर विचारू नका. अजून एक, नैसर्गिक आहे म्हणून लोक बिनधास्त पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, ओततात. रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं, मासे पकडायला पूर्वीपासून वापरतात ते. तेव्हा हे पाणीही केळीलाच.

फडक्यांसाठी बंबाची राख. राख कापडात बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची, वरचं निवळ घ्यायचं. चिकटलेलं तेल मस्त सुटतं. हाताला मात्र ते पाणी लगेच बुळबुळीत लागतं, कारण ते आपल्याच कातडीवरच्या तेलाचा साबण करत असतं, म्हणून काठीने ढवळायचं आणि रेशीम-लोकरीच्या जवळपासही न्यायचं नाही.

डागांत इथे तीन शत्रू. केळीचा चीक, काजूच्या बोंडाचा रस आणि जांभ्याची तांबडी माती. पहिल्या दोघांपुढे हात जोडायचे. चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी, आणि मग ते कापड फाटेपर्यंत तो डाग राहतो, बोंडाचंही तसंच, म्हणून काजूच्या हंगामाला इथे प्रत्येकाचा एक ठरलेला शर्ट असतो आणि तो शर्ट बघून कळतं की हा माणूस किती वर्षं बोंडं पिळतोय. तांबड्या मातीला मात्र उपाय आहे. ती म्हणजे लोखंडाचा गंजच, साबणाला दाद देत नाही आणि ब्लीचने उलट पक्की बसते. तिला आंबट लागतं. वाडीत बिलिंबीचं झाड आहे, खोडालाच घोस लागतात, ते फळ मधोमध चिरून डागावर चोळायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि भरपूर पाण्यात काढायचं. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, बाजारातल्या गंज काढायच्या पावडरीतही तेच. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीला लावून बघा, रंग उतरू शकतो. धूळ सुकी असेल तर आधी झटकून, उन्हात कडक वाळवून ब्रश मारा, ओली केली की ती धाग्यात शिरते.

आता पिळणं. हे मनगटाचं काम नाही, आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायला दर वेळी दुसरा माणूस हाताशी असतोच असं नाही. एक किलो सुती कपडे पाणी पिऊन तीन किलोच्या वर जातात. मशीनचा ड्रायर हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा किलोमागे अर्धा-पाऊण किलो पाणी उरतं, हाताने जीव तोडून पिळलं तरी किलोला किलो राहतंच, आणि जीन्स असेल तर त्याहून जास्त. मी काय करतो, आधी सगळं उतरत्या दगडावर ढीग करून ठेवतो आणि चहा पिऊन येतो, तोवर बरंचसं पाणी फुकट निथळतं. मग पडवीच्या लाकडी खांबाला चादर मधोमध अडकवायची, दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि पीळ देत मागे रेलायचं, वजन आपल्या अंगाचं, हात फक्त धरून ठेवतात. पीळ घट्ट झाला की टोकांमध्ये एक दांडकं घालून अजून दोन वेढे. खांबाच्या बुंध्याशी पाण्याची धारच लागते, आणि धार तुटून थेंब झाले की पुरे, त्यापुढे ओढाल तर शिवण उसवते. बुंध्याशी चिरा कोरून एक पन्हळ काढलीये, तिथलं पाणी परत पहिल्या बादलीत. मार्च-एप्रिलमध्ये यातलं काहीच करत नाही, गळते कपडे तसेच दोरीवर, वजनाने सुरकुत्या आपोआप निघतात आणि दुपारपर्यंत कडकडीत.

दोरीबद्दल दोन शब्द. काथ्याची दोरी पावसात तपकिरी डाग सोडते, तार गंजते, नायलॉन बरी. दोन नायलॉनच्या दोऱ्या एकमेकींत पीळ घालून ताणून बांधल्या की पिळाच्या मधे कापडाचं टोक खुपसता येतं, चिमटे लागत नाहीत, आणि इथल्या वाऱ्यात प्लास्टिकचे चिमटे तसेही एक उन्हाळा टिकतात. दोरी आंब्याला बांधायची नाही. आंब्यावरचे तांबडे हुमले, म्हणजे चावऱ्या मुंग्या, दोरीवरून रांगेने चालत येतात आणि पँटच्या खिशात जाऊन बसतात, पुढचं सांगायला नको. स्वतंत्र खांब रोवायचे.

हे सगळं झालं आठ महिन्यांचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं धुणं हा वेगळाच प्रकार आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, आणि हवेतच एवढं पाणी असतं की कपड्यातलं पाणी जाणार कुठे. पहिल्या पावसाळ्यात बायकोने मला सांगितलं की तुझ्याकडचे सगळे जाड कपडे ट्रंकेत टाक, आणि बरोबर होतं तिचं. जीन्स चार दिवस दोरीवर असते आणि पाचव्या दिवशी वाळलेली नसते, वास मारत असते. तो कुबट वास साबण कमी पडल्याचा नसतो, ओल्या कापडावर मोराक्सेला नावाचे जिवाणू वाढतात त्यांचा असतो, आणि थंड पाण्यात पुन्हा धुतलं तरी ते पुरतं मरत नाहीत, वाळायला वेळ लागला की वास परत हजर. त्यांना उष्णता लागते. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे फक्त पातळ सुती, टेरीकॉट आणि खेळाडूंचे असतात तसले पॉलिस्टरचे टीशर्ट, टॉवेल बंद, पंचे चालू. आणि रोजचे रोज धुवायचे, साठवायचं नाही, कारण चार कपडे वाळवायला जागा मिळते, चाळीसना नाही.

वाळवायची जागा म्हणजे चुलीची खोली. चुलीच्या वर हात पोचेल एवढ्या उंचीवर आडवे बांबू टांगलेत. आधी कपडे पडवीत वाऱ्याला ठेवायचे, तिथे गळायचे थांबले की मग आत, नाहीतर खोलीच दमट होते आणि काहीच वाळत नाही. आत आल्यावर प्रत्येक कपड्याच्या मधे चार बोटं जागा सोडायची, शर्ट हँगरला बटणं उघडून, पँट उलटी करून खिसे बाहेर काढून, कारण शेवटपर्यंत ओले राहतात ते खिसे आणि कंबरपट्टा. वरचं एक कौल काढून तिथे काच बसवलीये आणि शेजारी फट ठेवलीये, दमट हवा तिथून जाते. धुराचा वास लागतो, लागणारच, पण सुकं लाकूड असेल तर फार नाही. ओलं लाकूड घातलं तर आख्खं घर सुकटीसारखं होतं. तेव्हा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांत लाकूड भरून ठेवणं हे स्वयंपाकाइतकंच धुण्यासाठी आहे हे मला इथे येऊन कळलं.

आणि शेवटचा ओलावा काढायला इस्त्री. कोळशाची, पितळेची, बायकोच्या आजोबांची, उचलायलाच चांगली जड. करवंटीचे निखारे भरायचे, ते लाकडाच्या निखाऱ्यापेक्षा जास्त वेळ धग धरतात आणि राख कमी उडते. इस्त्री आधी ओल्या फडक्यावर फिरवून बूड साफ करायचं, मग ऐंशी टक्के वाळलेला शर्ट. वाफ निघते, ती निघायची थांबली की शर्ट वाळला. तो कुबट वास पण यानेच जातो. बायकोचं म्हणणं आहे की धुण्यासाठी इस्त्री करणारा जगात मी एकटाच. पण गंजीफ्रॉकला इस्त्री केल्याशिवाय जुलैत अंगात घालून बघा एकदा.

गोधड्यांना पावसाळ्यात हातच लावायचा नाही आणि मे महिन्यातही नाही. ऊन मे मध्ये असतं पण तेव्हा पऱ्ह्या कोरडा आणि विहीर तळाला, एवढा पाऊस पडूनही कोकणात उन्हाळ्यात टँकर येतात ते उगाच नाही. गोधड्या जानेवारीत. पावसाळा संपला की वाडीतले लोक रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत वाळू-माती भरून पऱ्ह्यावर वनराई बंधारा घालतात, त्यामुळे तिथे पाणी टिकतं. मी पाणी बादलीने बाहेर घेऊन बाजूच्या कातळावर धुतो, कारण खाली गुरं पाणी पितात. वाडीतल्या काही बायका पाण्यातच साबण लावतात, वर्षानुवर्षं लावतायत, मी जावई माणूस, काही बोलत नाही. गोधडी कातळावर पसरून सोड्याचं कोमट पाणी ओतायचं आणि पायांनी तुडवायची, कडेकडेने गोल गोल फिरत, मधे उभं राहून नाही. पहिलं पाणी चहासारखं निघतं. मग उलटून परत. पिळायची नाही, आतल्या जुन्या साड्या फाटतात, तशीच कातळावर उतरत्या बाजूला सोडायची आणि संध्याकाळी उचलायला दोघं लागतात. दुसऱ्या दिवशी उलटी बाजू. दोन उन्हं खाल्ली की वाळते.

सध्या डोक्यात आहे तो गणपती. वाडीतलं जुनं घर पडल्यापासून सासऱ्यांचा गणपती आमच्याकडे बसतो आणि मुंबईहून दहा-बारा माणसं येतात, बाहेर पाऊस, प्रत्येकाच्या बॅगेत दोन जीन्स आणि दिवसाला दोन टॉवेल. मागच्या वर्षी चुलीच्या खोलीत बांबू दिसत नव्हते, नुसत्या पँटी. तर या वर्षी आम्ही फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, जावयाने टाकणं बरं दिसत नाही म्हणून बायकोच्या फोनवरून, की जीन्स आणू नका, टॉवेलऐवजी पंचा आणा, आपापले आतले कपडे आपण धुवायचे, पाणी कुणी ओढायचं त्याच्या पाळ्या लावल्या जातील. भाच्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. मेहुण्याने लिहिलं, मशीन घ्या की, हप्त्यावर मिळतं. आत्याने विचारलं साडी चालेल का? बायकोने उत्तर दिलं की सिंथेटिक चालेल, सुती नऊवारी आणलीस तर ती खांबाला पिळायला तुझा मुलगा. त्यावर आत्याचा मुलगा ग्रुपवर अजून काही बोललेला नाही.